मेघजाळाचं कूळ

हे सांगायचं मी आजवर टाळत आलो. टाळण्याच्या माझ्या तऱ्हाही चांगल्या मुरलेल्या होत्या. "मास्तर, तुम्ही तरुणपणी लिहायचा म्हणे?" असं कुणी विचारलं की मी हसून म्हणायचो, "त्या वयात कोण लिहीत नाही?" साप्ताहिकाचे जपून ठेवलेले अंक एका सकाळी मी अंघोळीच्या बंबात घातले आणि त्याच पाण्यानं अंघोळ केली. सुगी आली की तुम्ही गप्प का होता, असं बायकोनं एकदा विचारलं, तर कणसांची कूस अंगाला लागते, खाज सुटते, जीव कावतो, असं तिला सांगितलं. ती खरं न कळताच गेली.

यंदा माघात माझी नात मुक्ता परभणीहून चार दिवस राहायला आली. आता मी ताडकळसला मुलाकडं असतो. घरामागं शेतं आहेत. ज्वारी फारशी कुणी पेरत नाही, पण मागच्या शेजाऱ्यानं यंदा पेरली होती आणि तिच्यावर मळणीयंत्र चालू होतं. पांढरी धूळ खिडकीतून आत येत होती. मुक्ता फोनवर जादूच्या गोष्टी लिहिते. लोक वाचतात, तिला कळवतात. ती म्हणाली, "आबा, माझा खलनायक लय भारी झालाय, पण त्याला घरच नाही. लोक विचारायलेत, हा असा का झाला? त्याला आईबाप, आजा-पणजा पाहिजेत. एक कूळ रचून द्यायचंय त्याला. तुम्ही असं काही लिहिलंत का कधी?"

"नाही," मी म्हणालो.

त्या यंत्राचा आवाज दुपारभर चालला. मी खिडकी लावून घेतली. धूळ तरी आलीच.

आमच्या काळी सुगीचा आवाज वेगळा होता. ती सत्तावन्नची सुगी. मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन तीन-चार महिने झाले होते, आणि मी ताडकळसपासून दीड कोसावरच्या एका गावात मास्तर होतो. माझं शिक्षण उर्दूतून झालेलं. पोलीस ॲक्शननंतर शाळा मराठी झाल्या तेव्हा मीही मुलांच्या बरोबरीनंच मराठी लिहायला शिकलो म्हणा ना. त्या महिन्यांत गावाला वेगळाच वास असायचा. शेणानं सारवलेल्या खळ्याचा, तुटलेल्या धाटांच्या गोडसर रसाचा, आणि पीक निघालेल्या रानात मेंढरं बसली की ओल्या लोकरीचा. खळ्याच्या मधोमध रोवलेल्या खांबाभोवती बैल फिरत. कुणी तिपाईवर उभं राहून पाटीतून वारं देई. दाणे सरळ खाली, भुसा लांब. हलकं काय आणि जड काय ते वारा ठरवायचा. मला ते बघत बसायला आवडायचं. त्यातून मी काही शिकलो नाही, एवढं खरं.

परभणीहून निघणाऱ्या एका लहानशा साप्ताहिकात मी तेव्हा एक अद्भुत कथा लिहीत होतो, क्रमशः. मराठीत वाचायला फारसं काही मिळत नव्हतं आणि लोकांना भूक होती. माझ्या कथेतला जादूगार होता मेघजाळ. सात पठारांच्या पलीकडं राहणारा, आभाळातले ढग पकडून आपल्या दावणीला बांधणारा. ज्या गावानं त्याला नमावं त्या गावावर त्यानं एक ढग सोडावा. पावसाची वाट बघण्यातच आयुष्य जाणाऱ्या मुलखात हा जादूगार चालला नसता तरच नवल. बाजाराच्या दिवशी अंक यायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, बैल सावलीत सोडले की, मी तो गणपतरावांच्या खळ्यावर मोठ्यानं वाचायचो. गणपतराव गावचे मोठे शेतकरी. वाचायच्या आधी बायका अंकाला हळदीकुंकू लावायच्या. छापलेलं म्हणजे पोथी, अशीच समजूत होती. मी कधी त्यांना अडवलं नाही.

खळ्याच्या कडेला उकिडवा बसून ऐकणारा एक म्हातारा होता. येसूबा. धनगर, सत्तरीचा, डाव्या पायानं लंगडा, खांद्यावर काळं घोंगडं. त्याचा नातू खंडू माझ्याच वयाचा, माझा मित्र. सुगी झाली की येसूबाचा कळप एकेकाच्या रानात बसायचा. मेंढरांच्या लेंड्यांचं रानाला खत व्हायचं आणि शेतकरी त्याला ज्वारी द्यायचा. आज कुणाकडं, उद्या कुणाकडं, हे लोक त्याच्या दारी येऊन सांगत. त्या घराचं गावातलं स्थान म्हणजे हे बोलावणं.

एकदा वाचन संपल्यावर तो म्हणाला, "मास्तर, तुमचा जादूगार येडा हाय का?"

"का हो?"

"एकेका ढगाला दावं बांधत बसला तर जलम जाईल की त्याचा! आरं, म्होरकं धरावं. कळपात एक म्होरकं आसतंय. त्याच्या गळ्यात घंटी बांधायची. बाकीचे आपसूक मागं येत्यात. ढग काय, मेंढरं काय."

मी ते तसंच्या तसं लिहिलं. गळ्यात घंटा बांधलेला एक ढग पुढं आणि त्याच्यामागं सगळं आभाळ चाललेलं. माझ्या सगळ्या कथेत चांगलं असं तेवढंच. संपादकांचं कौतुकाचं कार्ड आलं. मी येसूबाला सांगितलं तर म्हातारा खोकला लागेपर्यंत हसला.

"मंग माझं बी नाव छापा की मास्तर!"

पुढच्या कार्डात संपादकांनी लिहिलं होतं: वाचक विचारतात, मेघजाळ मूळचा कोण? असा का झाला? पुढच्या प्रकरणात त्याचं कूळ द्या, अंकाला चार दिवस आहेत.

मुक्ताला जे हवं आहे तेच. मी दोन दिवस कागद फाडत बसलो. राजे-महाराजे लिहिले, ऋषींचे शाप लिहिले. सगळं भुशासारखं उडून जाई.

त्याच दिवसांत येसूबाकडं भाट आला. दोन-तीन सुग्यांमागं एकदा हा भाट यायचा. तांबड्या कापडात बांधलेली वही, तिच्यात त्या घराच्या पिढ्या. तो त्या म्हणून दाखवी, नवीन जन्मलेल्यांची नावं लिहून घेई आणि धान्य घेऊन जाई. हे घरातल्यांनीच ऐकायचं असतं. बाहेरच्यानं ऐकायचं नाही आणि भाटाशिवाय कुणी तोंडानं म्हणायचं नाही, असा रिवाज. मी उठायला लागलो तर येसूबानं हाताला धरून खाली बसवलं. "बसा. मास्तर घरचाच हाय."

भाटानं डोळे मिटले आणि सुरू केलं. सटवाजीचा मल्हारी, मल्हारीचा धुळा, धुळ्याचा बिरू, बिरूचा येसू. बिरूनं कोणत्या दुष्काळात कळप कुठं नेला, धुळ्याच्या पाठीवर लांडग्याचे किती ओरखडे होते. दाराआड बायका डोक्यावर पदर घेऊन उभ्या. स्वतःचं नाव आलं तेव्हा येसूबानं पटका काढून वहीवर कपाळ टेकवलं. माझ्या अंगावर काटा आला. तो भक्तीचा नव्हता. मला माझं प्रकरण सापडलं होतं.

त्याच संध्याकाळी मी ते लिहिलं. मेघजाळाचं कूळ धनगराचं. सटवाजीचा मल्हारी, मल्हारीचा धुळा, तीच नावं, त्याच ओळीनं, त्याच ठेक्यात. नावं बदलायचं सुचलं नाही, असं मी पुढं स्वतःला सांगत राहिलो. सुचलं होतं. बदलून पाहिली होती. ती बेचव लागली, म्हणून खरी ठेवली.

आणि मेघजाळाचा आजा येसू, डाव्या पायानं लंगडा. त्याच्या गावावर हत्यारबंद टोळी येते. गाव ओढ्याच्या घळीत लपतं. येसू आपली मेंढरं वाचवण्यासाठी काठीनं घळीची वाट दाखवतो. मेलेल्यांचा तळतळाट लागतो: तुझ्या वंशावर कधी पाऊस पडणार नाही. म्हणून त्याचा नातू मोठा होऊन आभाळच बांधून ठेवतो.

गोष्ट म्हणून ती चांगली होती. हे लिहिताना लाज वाटते, पण चांगली होती.

आता जे गावात सगळ्यांना माहीत होतं ते सांगतो. अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात, पोलीस ॲक्शनच्या थोडं आधी, या गावावर खरोखर अशी टोळी आली होती. गाव खरोखर घळीत लपलं होतं. टोळी सरळ तिथं पोचली आणि दोन माणसं गेली. त्यातला एक गणपतरावांचा धाकटा भाऊ. वाट कुणी दाखवली हे कधीच कळलं नाही. कुणीच दाखवली नसेल. भिजलेल्या सरपणाचा धूर लांबून दिसतो. येसूबा त्या दिवशी वर माळावर कळपाजवळ होता आणि त्याची मेंढरं वाचली होती, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण मेंढरं आणि घळ यांची सांगड नऊ वर्षांत कुणीही घातली नव्हती. ती मी घातली. मला येसूबाचा संशय होता का? कणभरही नाही. संशयानं लिहिलं असतं तर निदान काही इमान तरी राहिलं असतं. मी नुसता सोयीचा म्हणून तो घेतला, हाताशी आलेलं दावं घ्यावं तसा.

अंक आला. खळ्यावर मी वाचायला बसलो. त्या दिवशी काम उरकायचं होतं म्हणून बैल सोडलेले नव्हते, ते फिरतच होते. नावं सुरू झाली तसा येसूबाचा चेहरा उजळला. मास्तरनं आपलं घराणं छापलं! त्यानं डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला, भाटापुढं काढला होता तसाच. मग लंगडा पाय आला, मग टोळी, मग घळ, मग काठी.

गणपतराव म्हणाले, "बैल थांबवा रे."

बैल थांबले. घुंगरं थांबली.

"मास्तर, ते परत वाचा."

मी परत वाचलं. दुसऱ्यांदा जास्त चांगलं वाचलं, आवाज योग्य जागी खाली घेत. हेही लिहून ठेवतो.

"हे आपल्या येसूबाचंच हाय की," मागून कुणीतरी म्हणालं.

"आरं, जादूगाराची गोष्ट हाय ती."

"गोष्ट हाय तर नावं कामून खरी? पाय कामून लंगडा?"

"मेंढरं तर वाचलीच होती ना रे त्याची."

"छापून आलंय. खोटं कोण छापतंय? परभणीत सायेब लोक बसल्यात, तपास केल्याबगर छापतील व्हय?"

"मुखबिर," गणपतराव म्हणाले. खबऱ्या. एवढा एकच शब्द. ते ओरडले नाहीत. त्यांचे डोळे भरले होते. नऊ वर्षं त्या माणसाला रागवायला कुणी मिळालं नव्हतं. मी मिळवून दिला.

येसूबा माझ्याकडं बघत होता, मी हसून काही बोलेन म्हणून. मी अंकाची घडी घालत होतो.

चार दिवसांनी तो शाळेत आला. मुलं पाढे म्हणत होती. दारात काठी टेकून उभा राहिला, आत आला नाही.

"मास्तर, म्या रागावलो न्हाई. गोष्टीत कायबी होतंय. पर गावाला ते उमजंना. तीन जणांनी मेंढरं बसवायचं बोलावणं मोडलं. उद्या चावडीपुढं बसायलेत सगळे. तुमी येऊन येवढंच म्हणा, ही माझ्या मनची गोष्ट हाय, येसूबाचा ह्याच्यात काई संबंध न्हाई. तुमचं आयकतील. तुमीच लिवलंय ना."

"म्हणतो की," मी म्हणालो. "त्यात काय!"

"लय उपकार हुतील."

चावडीपुढं साठ-सत्तर माणसं होती. कधी नव्हे ते माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती. गणपतरावांनी विचारलं, "मास्तर, तुमी शिकल्याले. खरं सांगा. हे तुमी कुठून आणलं?"

उत्तर सोपं होतं. नावं भाटाकडून चोरली, बाकीचं रचलं. पण चोरलं म्हटलं तर रिवाज मोडल्याचा बोभाटा झाला असता. रचलं म्हटलं तर पोथी उतरून कागद झाला असता आणि माझी खुर्ची काढली असती. आणि तिसरं कारण, जे मी आजवर स्वतःलाही नीट सांगितलं नाही: इतकी माणसं माझं लिहिलेलं खरं मानून श्वास रोखून बसली होती, याचं मला सुख वाटत होतं.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "कथेतली माणसं कुठून येतात, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही."

त्या वाक्यावर मी दिवसभर खूश होतो. त्याचा अर्थ गावानं आपल्यापुरता बरोबर लावला: मास्तर घाबरलाय, नाव घेत नाही, पण नाहीही म्हणत नाही. खंडू तेवढा पुढं आला. "मास्तर, सरळ बोला की! हो का न्हाई?" म्हाताऱ्यानं त्याला दंडाला धरून मागं घेतलं. "ऱ्हाऊ दे. शिकल्याल्या माणसाला सरळ बोलता येत न्हाई, पोरा."

कुणी त्यांना गावाबाहेर काढलं नाही. दगड मारला नाही. फक्त त्या सुगीत कुणीही मेंढरं बसवायला बोलावलं नाही. सगळं रान मोकळं पडलेलं, धसकटं उन्हात चमकत होती आणि कळप घरापुढं उभा. मेंढरं रात्रंदिवस ओरडायची. शाळेत ते ऐकू यायचं. होळी झाली आणि त्यांनी घोड्यावर भांडीकुंडी लादली. वाट शाळेवरूनच होती. आधी घंटीवालं म्होरकं गेलं, मागून सगळा कळप. येसूबानं नेहमीसारखा काठीचा हात वर केला. मी फळ्याकडं वळलो आणि सतराचा पाढा लिहायला घेतला. चुकीचा लिहिला असावा, मुलं हसली.

दोन सुग्यांनी भाट परत आला. रिकाम्या घरापुढं थांबून मग शाळेत आला.

"मास्तर, माझ्या वहीत त्या घराच्या सात पिढ्या हायेत. एकाच्या बी नावापुढं मुखबिर लिवल्यालं न्हाई. मला दोन गावात लोकांनी आडवून इचारलं, तुझ्या वहीत कसं न्हाई, कागदात तर हाय. काय सांगू त्यास्नी?"

मी त्याला पाणी दिलं. त्यानं तांब्या तसाच खाली ठेवला आणि गेला.

त्याआधीच मी लिहिणं सोडलं होतं. मेघजाळ तसाच राहिला, आभाळ धरून. संपादकांची दोन-तीन कार्डं आली, मग तीही थांबली.

निवृत्त झालो त्या वर्षी कळलं की खंडू चारठाण्याच्या बाजूला स्थायिक आहे. जायचं ठरवायलाच दोन वर्षं गेली. शेवटी एका माघात बसलो एसटीत. पोचेपर्यंत ते वाक्य मनात घोकत होतो. माझं नव्हे, येसूबानं शाळेच्या दारात मला शिकवलेलं: ही माझ्या मनची गोष्ट होती, येसूबाचा तिच्यात काही संबंध नव्हता. पुढं दोन शब्द माझे घातले होते, माफ कर.

खंडूनं ओळखलं. त्याचेही केस पांढरे झाले होते. "मास्तर! या, या," म्हणत त्यानं घोंगडं अंथरलं. सुनेला चहा टाकायला सांगितलं. शेळ्या किती, मेंढरं आता का परवडत नाहीत, मुलगा जिंतूरला कसा नोकरीला लागला, सगळं सांगितलं. मग सरळ विचारलं, "काय काम काढलं एवढ्या लांब?"

वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. सून कपबशी घेऊन उभी होती, तिचा लहान मुलगा माझ्याकडं टक लावून बघत होता. मला वाटलं, त्यांच्यापुढं नको. ही पोरं येसूबाला चांगल्या नावानं ओळखत असतील.

मी म्हणालो, "काम कसलं? जुनी देवळं बघायला आलो होतो. म्हटलं, भेटून जावं."

"मंग चला की, मीच दावतो!"

आणि हातातलं काम टाकून खंडूनं मला दुपारभर देवळं दाखवली. खांबाखांबापाशी थांबून, अंगठ्यानं कोरीव काम पुसून. उन्हात त्याला धाप लागत होती. एका गाभाऱ्यात आम्ही दोघंच होतो, थंड, अंधारं, कुणी नाही. तिथंही मी वरच्या छताकडं बघत राहिलो.

तो बसपर्यंत पोचवायला आला. मी खिडकीपाशी बसलो. खाली उभा राहून त्यानं खिडकीचा गज धरला.

"आज्जा जाताना तुमची याद काढत होता, मास्तर."

"काय म्हणाले?"

"म्हणला, मास्तरला इचार, त्या जादूगाराचं म्होरं काय झालं? ढग सोडले का न्हाई त्यानं?"

कंडक्टरनं घंटी मारली. खंडूचा हात अजून गजावर होता. तो उत्तराची वाट बघत होता.

मी म्हणालो, "देवळं फार छान आहेत, खंडू."